बधिर ओठ, न भरणारी जखम आणि नऊ वर्षांपूर्वीची फाइल

प्रश्न: माझी आई ६३ वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग केमो, रेडिएशन आणि पाच वर्षं लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी रोज एक गोळी. गोळी बंद झाल्यापासून ती ठणठणीत होती. अडीच महिन्यांपूर्वी तिचा उजवीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली. आमटीचा ओघळ आला तरी तिला कळत नाही. नंतर त्याच बाजूची खालची दाढ हलायला लागली, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी ती काढली. त्याला साडेतीन आठवडे झाले. जखम भरायच्या ऐवजी तिथून लालसर मांस वर येतंय, ब्रश लागला की रक्त येतं. डॉक्टर म्हणतात तुकडा काढून तपासू. भाऊ म्हणतो, सुरी लागली की पसरतं, कुणी हात लावायचा नाही. आईनं आयुष्यात कधी मिश्री लावली नाही, तंबाखू तर लांबच. मग हा तोंडाचा कॅन्सर कसा? जबडा काढावा लागेल का? आणि तिला सांगायचं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. ओठ आधी बधिर झाला, दाढ नंतर हलली. हा क्रम तारखांसकट एका कागदावर लिहा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना तोच कागद आधी दाखवा. दाढ काढल्यावर ओठ बधिर होणं हे घडतं. इंजेक्शनचा बधिरपणा तीन ते पाच तासांत जातो, आणि अक्कलदाढ काढताना नस दुखावली तर तो काही आठवडे, महिनेही राहू शकतो. पण दाढेला कुणी हात लावण्याआधीच अर्धा ओठ बधिर झाला असेल, आणि त्या बाईच्या मागे स्तनाच्या कॅन्सरचा इतिहास असेल, तर तो दातांचा प्रश्न आहे असं धरून चालायचं नाही. जुना आजार जबड्याच्या हाडात आलाय का, हे आधी बघायचं. तसंच आहे असं पत्रावरून कुणालाच सांगता येणार नाही. पण शोधायला सुरुवात तिथून करायची.

ओठच का, ते सांगतो. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. ती कानाच्या पुढच्या बाजूला, जबड्याच्या उभ्या भागात आतून शिरते, दाढांच्या मुळांखालच्या बोगद्यातून पुढे येते आणि सुळ्याच्या मागच्या दोन लहान दाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर पडून ओठ-हनुवटीला संवेदना देते. बोगद्यात कुठेही ती दाबली किंवा कुरतडली गेली, की बधिरपणा उमटतो त्या बाजूच्या अर्ध्या ओठावर, बरोबर मधल्या रेषेपर्यंत. जिभेची नस वेगळी, म्हणून जीभ आणि चव शाबूत राहते. ओठ हलवणारी नसही वेगळी, म्हणून तोंड वाकडं होत नाही. आईचं हसणं सरळ असेल तर हा लकवा नव्हे.

घरी एक तपासणी करा, पाच मिनिटांची आहे. आईला डोळे मिटायला सांगा. कापसाची वात ओढून टोक बारीक करा आणि डाव्या बाजूनं, जिथे कळतंय तिथून सुरुवात करून हलकेच उजवीकडे न्या. 'आता कळत नाही' म्हणाली की तिथे बॉलपेननं ठिपका. असं ओठाच्या कडेनं, हनुवटीवरून, जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत. ठिपके जोडून मोबाईलवर फोटो काढा, तारीख टाका. आठवड्यानं पुन्हा. बधिर भाग वाढतोय, तेवढाच आहे की मागे हटतोय, हे 'जरा जडच वाटतंय' यापेक्षा त्या फोटोतून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं.

आता मिश्रीचं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर इतका आहे, की तोंडात गाठ म्हटलं की घरच्यांचं आणि कधी कधी डॉक्टरांचंही मन तिकडेच जातं. तो सुरू होतो तोंडाच्या अस्तरात: गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, हिरडीवर. तुमच्या आईच्या बाबतीत शंका दुसरी आहे. इथल्या पेशी मूळ स्तनातल्या असाव्यात, रक्तातून प्रवास करून जबड्यात उतरलेल्या. तोंडात सापडणाऱ्या एकूण कॅन्सरपैकी असे बाहेरून आलेले साधारण १ ते १.५ टक्का असतात, म्हणजे प्रकार दुर्मीळ. बायकांमध्ये तो सर्वांत जास्त वेळा स्तनातून येतो, पुरुषांमध्ये फुप्फुसातून. प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड, यकृत, मोठं आतडं इथूनही येतो. हिरड्या-जिभेपेक्षा जबड्याच्या हाडात जास्त, वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात जास्त, आणि तिथेही मागे, दाढांच्या भागात. कारण मोठ्या माणसाच्या जबड्यात रक्त तयार करणारा लाल मगज मागच्या भागात थोडा शिल्लक असतो. तिथे रक्ताचा वेग मंद असतो, पेशींना टेकायला जागा मिळते. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दल मांडलं होतं, की बी सगळीकडे उडतं, पण उगवतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीत. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही.

तेव्हा आईनं काही खाल्लं-लावलं म्हणून हे झालं नाही. इतक्या वर्षांनी कसं, असंही वाटेल. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर पाच वर्षांच्या गोळ्या संपल्यावर, दहा-पंधरा वर्षांनीही हाडात डोकं वर काढू शकतो. पाच वर्षांनी 'आता सुटलो' असं घरोघरी म्हटलं जातं. त्या आजाराच्या बाबतीत ते पूर्ण खरं नाही.

दातांच्या डॉक्टरांवर राग धरू नका. हाड आतून पोखरलं गेलं की दाढेचा आधार जातो. हलणारी दाढ दिसते, आतलं कारण दिसत नाही. हा तोच आजार असला, तरी दाढ काढल्यानं तो पसरलेला नाही. आत जे होतं त्याला बाहेर यायला वाट मिळाली, म्हणून खळग्यातून मांस वर आलं. चांगल्या भरणाऱ्या जखमेत पहिल्या दिवशी गुठळी धरते, काही दिवस पांढुरकी-पिवळसर साय दिसते, ती पू नव्हे. दोन आठवड्यांत खळगा उथळ होतो आणि तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटत येते. खालचं हाड भरायला पुढे कित्येक महिने लागतात, पण ते बाहेरून दिसत नाही. म्हणजे खळगा दर आठवड्याला लहान व्हायला हवा. लालसर-जांभळट, मऊ, हात लावताच रक्त येणारा गोळा वाढत असेल तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स घेऊन थांबू नये. खळग्यात राहिलेली हाडाची कपची, जंतुसंसर्ग किंवा हिरडीची साधी गाठसुद्धा असंच मांस वाढवते. डोळ्यांनी बघून यातलं काय, हे कुणीही ठरवू शकत नाही.

म्हणून बायॉप्सी, म्हणजेच तुकडा काढून तपासणं. भावाची भीती अगदी खरी आहे आणि ती महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक घरात आहे, त्यामुळे त्यांना हे नीट वाचून दाखवा. जबड्यात आलेला आजार रक्तातून आधीच तिथे पोहोचला आहे. छोटा तुकडा काढल्यानं त्याची पायरी (स्टेज) बदलत नाही. बिघडतं ते उशिरानं. तपासणीचा कागद हातात नसताना कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ औषध सुरू करणार नाही, आणि तोपर्यंत हाड झिजत राहील.

तुकडा काढताना चार गोष्टी बघा. तो केवळ वरच्या पापुद्र्यातून घेतलेला नको. वर सूज आणि सडलेला भाग असतो, रिपोर्ट 'नुसती सूज' असा येतो आणि महिना जातो. खोलातून घ्यायला हवा. दुसरं, तुकडा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, त्याच्या किमान दहापट द्रवात बुडवून जायला हवा. सलाइनच्या किंवा पाण्याच्या बाटलीत घालून कुणी तुमच्या हातात दिला तर तिथेच थांबवा. तिसरं, हे सहसा कुणी सांगत नाही: तुकड्यात हाड असेल तर काप घेण्याआधी ते मऊ करावं लागतं. तीव्र ॲसिडनं मऊ केलं तर हार्मोन रिसेप्टरची, म्हणजे पेशी हार्मोनवर वाढतात का हे दाखवणाऱ्या खुणेची, तपासणी खोटी 'निगेटिव्ह' येऊ शकते आणि आईला ज्या गोळ्या लागू पडतील त्यांच्यापासूनच ती वंचित राहील. म्हणून मऊ मांसाचा तुकडा वेगळ्या डबीत पाठवायला सांगा आणि हाडासाठी ईडीटीए हे सौम्य रसायन वापराल का, असं सरळ विचारा. चौथं, फॉर्मवर 'स्तनाच्या कॅन्सरचा पूर्वेतिहास, नऊ वर्षांपूर्वी' ही ओळ लिहिलेलीच हवी. ती नसेल तर पॅथॉलॉजिस्ट तोंडाच्या कॅन्सरच्या अंगानं बघतील. ती असेल तर गाटा-३ (स्तनाच्या पेशींत सहसा सापडणारी खूण), ईआर आणि पीआर (दोन हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींची वाढ करणारं प्रथिन) यांचे रंग लावून मूळ कुठलं ते शोधतील. जुन्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला त्या वेळचा तुकडा, मूळ लॅबमधून मागवा, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात. रिसेप्टर जुने आणि नवे काही जणींमध्ये वेगळे निघतात, म्हणून जुन्या रिपोर्टवर उपचार ठरवायचे नाहीत.

आई ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी घेत असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मूत्रपिंड आणि थायरॉइडमधून आलेल्या गाठी फार रक्ताळलेल्या असतात. मूळ कोणतं हे अजून ठरलेलं नसल्यानं बायॉप्सी रक्तस्राव थांबवायची सोय असलेल्या जागी करावी: सरकारी दंत महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय किंवा कॅन्सर रुग्णालय.

आता फाइल. तुमच्याकडे सर्वांत मोठं हत्यार तेच आहे. ऑपरेशनची नोंद, त्या वेळचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, केमोची औषधं आणि एकूण डोस, रेडिएशन कुठे व किती दिलं, लेट्रोझोल सुरू-बंद झाल्याच्या तारखा. केमोमध्ये लाल रंगाचं औषध, डॉक्सोरुबिसिन, दिलं असेल तर त्याची आयुष्यभराची मर्यादा असते, म्हणून आकडा हवा. आणि एक खास प्रश्न आईला विचारा: गोळी चालू असताना हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दर सहा महिन्यांनी सलाइनमधून एखादं इंजेक्शन दिलं जायचं का? ते बहुधा झोलेड्रोनिक ॲसिड असणार. त्या औषधानं (आणि हाडांसाठीच्याच डेनोसुमॅब या इंजेक्शननं) काही जणांमध्ये जबड्याचं हाड मरतं, दाढ काढल्यावर जागा भरत नाही, कधी ओठही बधिर होतो. चित्र बरंचसं असंच दिसतं. त्यात सहसा पिवळट-पांढरं हाड उघडं पडतं आणि आठ आठवड्यांहून जास्त उघडंच राहतं, मांसाचा गोळा कमी दिसतो. पण दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे इंजेक्शन घेतलं होतं म्हणून बायॉप्सी टळत नाही.

फोटोंपैकी सुरुवात ओपीजीनं होते, पूर्ण जबड्याचा एकच एक्स-रे. तो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत होऊ नका. हाडातली तीस ते पन्नास टक्के खनिजं गेल्याशिवाय साध्या एक्स-रेवर डाग उमटत नाही. हाडासाठी सीटी, नसेसाठी आणि कवटीच्या तळासाठी काँट्रास्टसह एमआरआय. मग पूर्ण शरीराचा पेट-सीटी स्कॅन, ज्यात आजाराच्या जागा उजळून दिसतात, कारण जबड्यात आजार असेल तर मणका, खुबा, फासळ्या, फुप्फुस, यकृत बघावंच लागतं. पेट स्कॅनच्या आधी चार ते सहा तास उपाशी, साखर २०० च्या आत. तिथल्या तंत्रज्ञांना दाढ काढल्याची तारीख सांगा. ताजी जखमही पेटवर उजळते. रक्तात कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). ट्युमर मार्करच्या (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणांच्या) महागड्या पॅकेजची या घडीला गरज नाही, त्यावरून निदान होत नाही.

जबडा काढावा लागेल का? बायॉप्सीत स्तनाचाच आजार निघाला, तर सहसा नाही. तोंडात सुरू झालेल्या कॅन्सरमध्ये गाठ जबड्यासकट काढतात, कारण ती तिथलीच असते. बाहेरून आलेल्या आजारात जबडा काढून मूळ प्रश्न सुटत नाही, आईचं खाणं-बोलणं मात्र जातं. म्हणून बायॉप्सीच्या आधी कुणी मोठ्या ऑपरेशनची तारीख देत असेल तर घेऊ नका. मुख्य उपचार औषधांचे, रिसेप्टरप्रमाणे ठरणारे. हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह असेल तर हार्मोनचं औषध आणि जोडीला पाल्बोसायक्लिब किंवा रायबोसायक्लिबसारखी गोळी. पाल्बोसायक्लिबचं पेटंट भारतात २०२३ मध्ये संपलं, जेनेरिक आल्या आणि किंमत बरीच उतरली. हर-२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब. दोन्ही नसेल तर केमो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा, बिल झाल्यावर नको.

जबड्याच्या वेदनेला रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतात, चांगलं लागू पडतं. एकाच दिवशी ८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), पाच दिवसांत २० किंवा दहा दिवसांत ३०, हे नेहमीचे हिशेब. पहिले दोन-तीन दिवस दुखणं वाढू शकतं, आराम पडायला एक ते चार आठवडे लागतात. ओठाची संवेदना परत येईलच असं नाही.

हाडं बळकट करायला पुन्हा झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुचवलं जाईल. उपयोगी औषध आहे, पण तोंडात उघडी जखम असताना ते कधी सुरू करायचं हे कॅन्सरतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. ही भेट बहुतेक वेळा घडत नाही. तुम्ही फोन लावून द्या. आणि या काळात दुसरी कुठली दाढ हलली तरी परस्पर काढू नका.

हा आजार जबड्यात असेल तर तो मुळापासून जाईल असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही. तो आटोक्यात ठेवायचा असतो. पण हार्मोन पॉझिटिव्ह आणि फक्त हाडापुरता असेल, तर औषधांवर कित्येक वर्षं चांगली जाणाऱ्या बायका आहेत. यकृत किंवा फुप्फुसातही असेल तर हिशेब बदलतो. म्हणून पेट स्कॅन येईपर्यंत नातेवाइकांनी काढलेला कुठलाही काळ मनावर घेऊ नका.

घरात आजपासून: जबड्याचं हाड कच्चं असू शकतं, म्हणून कडक भाकरी, चिक्की, ऊस, सुपारी, भाजके शेंगदाणे बंद. मऊ भात, मुगाची खिचडी, उकड, नाचणीची आंबील, आमटीत किंवा दुधात चांगली भिजलेली भाकरी, उकडलेलं अंडं. घास डाव्या बाजूनं चावायचा. चहा आधी डाव्या ओठाला लावून बघायचा, बधिर ओठ भाजतो आणि कळत नाही. जेवण झालं की आरशात बघून ओठ आतून तपासायचा, चावा बसलेला असतो. कोमट पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळणी, जोरात खळखळवायचं नाही. गोळ्यावर लवंगतेल, तुरटी, हळद काही लावायचं नाही, बाहेरून गरम शेक द्यायचा नाही. दुखतं म्हणून शेजारीण मिश्री लावायला सांगेल, तीही नाही. वेदनेला पॅरासिटामॉल ५०० च्या एक-दोन गोळ्या, दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नको, यकृताचा त्रास असेल तर आधी विचारून. त्यानं भागलं नाही तर डॉक्टर मॉर्फिन देतील. कॅन्सरच्या वेदनेत नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनची 'सवय लागेल' म्हणून ते अडवून ठेवू नका.

पुढचं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कट्‌ असा आवाज होऊन दात अचानक जुळेनासे झाले. स्वच्छ गॉजवर वीस मिनिटं घट्ट चावूनही रक्त थांबलं नाही. तापासह गळ्याखाली सूज आली, गिळायला किंवा श्वासाला अडलं. एक वस्तू दोन दिसायला लागली. पाठ दुखून पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली. आणि खूप तहान, बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं असं एकत्र आलं तर 'वयामुळे' म्हणू नका. रक्तातलं कॅल्शियम चढल्याची ती लक्षणं असतात आणि सलाइन-औषधांनी ते उतरवता येतं.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. तोंडात उतरलेला असा आजार साधारण चार-पाच रुग्णांतल्या एकाला पहिली खूण म्हणून दिसतो, मूळ कॅन्सर आहे हे तोवर माहीतच नसतं. कारण नसताना अर्धा ओठ बधिर झाला तर आधी कॅन्सर झालेला नसला तरी आठवड्याभरात दाखवा.

आईला सांगायचं का, हा शेवटचा प्रश्न. बायॉप्सीच्या संमतीपत्रावर सही तिची लागते, त्यामुळे काहीतरी सांगावं लागणारच, आणि ते खोटं नसावं. ज्या बाईनं नऊ वर्षांपूर्वी केमो काढली, तिच्या मनात ही शंका तुमच्या आधी येऊन गेली असण्याचीच शक्यता जास्त. 'आई, ओठ बधिर होणं दाढेमुळे नसावं असं वाटतंय. जुन्या आजाराशी संबंध आहे का ते बघायला छोटा तुकडा काढायचाय,' एवढंच आज पुरे. मग गप्प राहा आणि ती काय विचारते ते ऐका. जेवढं विचारेल तेवढ्याचंच उत्तर द्या. नऊ वर्षांपूर्वी केमोला तिच्यासोबत कोण बसायचं ते तिला विचारा, बायॉप्सीच्या दिवशी त्यांनाच बरोबर घ्या.